चारबागमधली केबल : पैसे किती द्यायचे आणि दाद कुठे मागायची

लखनौला बदली होऊन आलेलं रेल्वेतलं कुटुंब असो, सराफ्यात गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून आलेलं असो, की मुलाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी वर्ष-दोन वर्षं राहायला आलेलं असो. चारबागच्या आसपास नाका हिंडोला, मवैया, ऐशबाग, हुसेनगंज इथे खोली मिळाली की गॅस आणि विजेनंतर तिसरा प्रश्न टीव्हीचा येतो. केबलवाला येतो आणि एक गोळाबेरीज आकडा सांगतो. महिन्याचे इतके, बॉक्सचे इतके, तार ओढायचे इतके. परक्या गावात हुज्जत नको म्हणून आपण तो मान्य करतो. हुज्जत घालू नकाच, पण हिशेब मात्र मागा. तो मागण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे आणि मागायला एक रुपयाही लागत नाही.

केबलचं मासिक बिल तीन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा नेटवर्क शुल्काचा. केबलवाले त्याला ‘एनसीएफ’ म्हणतात. वाहिनी कुठलीही बघा, जाळं तुमच्या घरापर्यंत आणल्याबद्दलचा हा आकार. दुसरा तुकडा पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्यांचा, सुट्या किंवा पॅकमध्ये. या दोन्हींच्या बेरजेवर तिसरा तुकडा, १८ टक्के जीएसटी. यापलीकडे दरमहा काही मागितलं जात असेल, तर ते कशाचं हे विचारायलाच हवं.

एक उदाहरण घेऊ. नेटवर्क शुल्क १३० रुपये धरलं आणि १९ रुपयांच्या दोन वाहिन्या घेतल्या, तर १३० अधिक ३८, म्हणजे १६८ झाले. त्यावर ३० रुपये २४ पैसे कर. एकूण १९८ रुपये २४ पैसे. सशुल्क वाहिनी एकही घेतली नाही तर १३० वर कर धरून १५३ रुपये ४० पैसे. आता उलट बाजूनं पाहा. केबलवाला ‘सब मिलाके तीन सौ’ म्हणाला, तर त्या तीनशेत कर ४५ रुपये ७६ पैसे असतो आणि सेवेचे उरतात २५४ रुपये २४ पैसे. त्यातले १३० नेटवर्कचे धरले, तर सव्वाशेच्या आसपास रक्कम वाहिन्यांची झाली. त्या वाहिन्या कोणत्या, त्यातल्या तुम्ही किती पाहता, हे विचारलंत की बहुतेक वेळा पॅक लहान होतो.

कराबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जीएसटी तोच घेऊ शकतो ज्याची जीएसटी नोंदणी आहे. नोंदणीचा क्रमांक पावतीवर छापलेला असतो. वहीत नाव लिहून, कोऱ्या चिठ्ठीवर ‘टॅक्स के साथ’ असं सांगून पैसे घेणाऱ्याकडे हा क्रमांक मागा. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही.

उदाहरणात १३० हा आकडा धरला, कारण अनेक वर्षं तीच कमाल मर्यादा होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१७ मध्ये नवी दरव्यवस्था आणली आणि ती फेब्रुवारी २०१९ पासून घराघरांत लागू झाली. १३० रुपयांत १०० वाहिन्या, हा तेव्हाचा हिशेब. पुढच्या वर्षी त्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायचं बंधन आलं, २०० पेक्षा जास्तीसाठी १६० रुपयांची कमाल मर्यादा ठरली आणि एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त नेटवर्क शुल्क लावू नये, असाही नियम झाला. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं या मर्यादा उठवल्या. आता कंपनी आपला दर स्वतः ठरवते, वेगवेगळ्या भागांत वेगळा ठेवू शकते. कनेक्शन बसवणं, चालू करणं, घरी येऊन दुरुस्ती, घर बदललं तर जागा बदलणं, काही दिवस सेवा बंद ठेवणं, या सगळ्यांचे दरही आता कंपनीच्याच हाती आहेत. पूर्वी बसवण्याला ३५० आणि चालू करण्याला १०० रुपयांची मर्यादा होती. तीही गेली.

स्पर्धा आहे, दर आपोआप खाली राहतील, असा विचार यामागे आहे. ज्या गल्लीत एकाच केबलवाल्याची तार येते तिथे स्पर्धा कुठली, असं मला विचारावंसं वाटतं. चारबागसारख्या दाट, जुन्या वस्तीत भाडेकरूला निवड बहुतेक वेळा घरमालकानं आधीच करून ठेवलेली असते. अशा घरांसाठी मर्यादा हाच आधार होता आणि तो काढून घ्यायला नको होता. तरी एक बंधन राहिलं आहे आणि आता तेच आपलं हत्यार: ठरवलेला प्रत्येक दर कंपनीनं जाहीर करायला हवा. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा लखनौचा दर पाहून घ्या आणि त्याचं चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवा. गल्लीतल्या माणसानं सांगितलेला आकडा आणि कंपनीनं जाहीर केलेला आकडा यांत फरक असेल, तर पुढची सगळी लढाई याच एका चित्रावर जिंकता येते.

इथे ‘कंपनी’ आणि ‘केबलवाला’ ही दोन माणसं आहेत, हे समजून घ्यायला हवं. आकाशातून सिग्नल उतरवून तो शहरभर पाठवते ती मोठी कंपनी. धंद्यातले लोक तिला ‘एमएसओ’ म्हणतात. गल्लीतला केबलवाला तिचा सिग्नल तुमच्यापर्यंत आणतो. नेटवर्क शुल्कात दोघांचा वाटा असतो. त्यांनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल, तर ट्रायच्या व्यवस्थेप्रमाणे कंपनीला ५५ आणि केबलवाल्याला ४५ टक्के. म्हणजे १३० मधले त्याला साडेअठ्ठावन रुपये मिळतात. त्यातून त्याला तार, माणूस, दुरुस्ती, वसुली सगळं भागवायचं असतं. वरचे वीस-तीस तो का मागतो, हे यावरून कळतं. त्याच्याशी माणुसकीनं वागावं, पण पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बॉक्सचे पैसे देताना तीन प्रश्न विचारा: हा विकत, भाड्यानं, की अनामत ठेवून? विकत असेल तर हमी किती महिन्यांची? अनामत असेल तर परत कधी आणि कुणाकडून? एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीवर चालत नाही. कंपनी बदलली की जुन्या बॉक्सचा उपयोग संपतो. वर्षभरासाठीच लखनौत असाल तर विकत घेण्यात अर्थ नाही. कनेक्शनच्या अर्जावर तुमचं नाव आणि तुमचाच मोबाइल क्रमांक जायला हवा. घरमालकाच्या नावावरचं कनेक्शन ओढून दिलं असेल, तर कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही ग्राहकच नाही आणि पुढे तक्रार करताना पहिली अडचण तिथेच येते.

आता सरकारी कचेऱ्यांकडे वळू. ‘कलेक्टरला सांगून केबलचा दर कमी करून घेऊ’ हे वाक्य मराठी आणि हिंदी दोन्हींत पुष्कळदा ऐकू येतं. ते होणार नाही. अमेरिकेत शहराची सत्ता केबल कंपनीला परवाना देते आणि त्याबद्दल तिच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेते. आपल्याकडे महापालिकेला असा अधिकार नाही. दर हा ट्राय आणि कंपनीचा विषय. पण म्हणून जिल्हा प्रशासन रिकामं नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५ यानं जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना ‘प्राधिकृत अधिकारी’ केलं आहे. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे इथले एसडीएम, आपल्याकडचे प्रांत. लखनौत जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तिन्ही दारं उघडी आहेत. नोंदणीशिवाय कुणी केबल चालवत असेल, ठरवून दिलेल्या डिजिटल यंत्रणेबाहेर सिग्नल देत असेल, दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या दाखवत नसेल, कार्यक्रम आणि जाहिरातींची संहिता मोडत असेल, तर यंत्रसामग्री जप्त करण्यापर्यंतचे अधिकार या अधिकाऱ्यांना आहेत. दोन समाजांत तेढ निर्माण करणारा कार्यक्रम ते थांबवू शकतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं या कायद्यातली कैदेची शिक्षा काढून समज, ताकीद आणि दंड अशी रचना केली.

केंद्र सरकारनं जिल्हा पातळीवर एक देखरेख समिती नेमायलाही सांगितलं आहे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. स्थानिक केबल वाहिनीवर, म्हणजे केबलवाला स्वतः चालवतो त्या गल्लीच्या बातम्या-जाहिरातींच्या वाहिनीवर, काही आक्षेपार्ह दिसलं तर अर्ज याच समितीच्या नावे करायचा. अशा समित्या कागदावरच राहू नयेत, नियमित भराव्यात, त्यात ग्राहकांचं म्हणणं ऐकलं जावं, असं मला मनापासून वाटतं. ती शेवटची कधी भरली, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांत विचारता येतं. लखनौत वा नागपुरात, कुठेही राहत असा, एकदा जरूर विचारा.

नोंदणीचं ठिकाण बदललं आहे, हेही जुन्या माणसांना सांगायला हवं. पूर्वी केबलवाला मुख्य टपाल कार्यालयात ५०० रुपये भरून वर्षभराची नोंदणी करायचा आणि आपण तिथे जाऊन चौकशी करायचो. जानेवारी २०२५ पासून ही नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेली. शुल्क ५,००० रुपये आणि मुदत पाच वर्षं. त्यामुळे टपाल कार्यालयात आता हेलपाटा घालू नका. केबलवाल्याकडेच नोंदणीपत्र पाहायला मागा. दाखवायला नकार मिळाला, तर अर्ज एसडीएमकडे.

‘मनोरंजन कर’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर सावध व्हा. महाराष्ट्रात करमणूक कर म्हणून मुंबईत दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये जायचे, ते अनेकांना आठवत असतील. उत्तर प्रदेशातही केबलवर मनोरंजन कर होता आणि त्याचं खातं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा हा कर त्यात विरला. घटनेनं पंचायती आणि नगरपालिकांना तो लावण्याची मुभा ठेवली आहे, म्हणून उत्तर एकच: नगर निगमचा आदेश दाखवा, मग देतो.

तक्रारीला येणारा खर्च पायरीपायरीनं सांगतो, कारण याच भीतीनं लोक गप्प बसतात.

पहिली पायरी कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र. खर्च शून्य. फोनवर बोलून भागत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. सिग्नलच नसेल तर तो साधारण २४ तासांत परत यायला हवा; बिलाची तक्रार सात दिवसांत निकाली निघायला हवी. तक्रार नोंदवल्यावरही सेवा सलग ७२ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापून मागा. इथे समाधान झालं नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी. त्याचं नाव-पत्ता कंपनीनं जाहीर करायचा असतो. ट्रायला पत्र लिहिणारे पुष्कळ असतात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. फार तर कंपनीकडे पाठवते.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तीही फुकट. चुकीचं बिल, परत न मिळालेली अनामत, न मागता गळ्यात मारलेला पॅक, असल्या तक्रारी इथे पुष्कळदा मिटतात, कारण मधे सरकारी नोंद असते.

तिसरी पायरी प्रशासनाची, पण फक्त वर सांगितलेल्या विषयांसाठी. उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६ आणि जनसुनवाईचं ऑनलाइन पोर्टल आहे. आपल्या ‘आपले सरकार’सारखंच. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तसा इथे तहसिलीत ‘संपूर्ण समाधान दिवस’ असतो, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी. चारबागकरांनी सदर तहसिलीत जायचं. अर्ज हिंदीत, एका पानाचा. वर ‘सेवा में’, खाली ‘प्रार्थी’. सोबत पावतीची छायाप्रत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. ‘जादा पैसे घेतो’ एवढंच लिहिलंत तर अर्ज फिरत राहील. ‘नोंदणीपत्र दाखवत नाही, पावती देत नाही, अमुक सक्तीची वाहिनी दाखवत नाही’ असं लिहिलंत तर अधिकाऱ्याला त्याच्या कायद्याचं काम दिसतं. अर्जाची भाषा इथे फार मोलाची आहे.

चौथी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी दाव्याचं शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. दावा ऑनलाइन दाखल करता येतो. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवा. बदलीवर फिरणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता वा काम करता त्या जिल्ह्यात दावा टाकायची सोय केली. लखनौतली अनामत बुडाली आणि तुम्ही साताऱ्याला परतलात, तर दावा साताऱ्यात चालू शकतो. खर्च म्हणजे छायाप्रती, स्पीड पोस्ट आणि तारखेला जाण्यायेण्याचा. दोनशे रुपयांसाठी कुणी इथवर जाणार नाही, हे मी जाणतो. पण हजार-दीड हजारांची अनामत असेल तर आधी एक लेखी नोटीस पाठवा. दाव्याची तयारी दिसली की अनामत बहुधा लवकर सुटते.

मराठी वाहिन्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि इथल्या घरांत तोच जिव्हाळ्याचा. दूरदर्शनच्या काही वाहिन्या प्रत्येक डिजिटल केबलवर दाखवणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि त्यांत डीडी सह्याद्री आहे. लखनौचा केबलवाला ‘यहाँ मराठी नहीं आता’ म्हणाला तर सह्याद्रीपुरतं ते चूक आहे. तिच्यासाठी जादा पैसेही लागत नाहीत. ती दिसत नसेल तर ही तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातली. वरची तिसरी पायरी नेमकी अशाच कामासाठी. आजीला संध्याकाळी मराठी बातम्या ऐकायच्या असतील, तर त्या मिळणं हा तिचा कायदेशीर हक्क आहे. खासगी मराठी वाहिन्यांचं तसं नाही. त्या कंपनीनं घेतल्या असतील तरच मिळतात. हिंदी पॅकमध्ये त्या बहुधा नसतात, म्हणून सुट्या मागा. पॅकमध्ये बसणाऱ्या वाहिनीचा कमाल दर महिन्याला १९ रुपये आहे. मराठी पॅक पूर्ण घेण्यापेक्षा आवडीच्या दोन वाहिन्या सुट्या घेणं कधीकधी स्वस्त पडतं. दोन्हीचा हिशेब करूनच ठरवा.

तारांबद्दल थोडक्यात. विजेच्या खांबावरून लोंबणारी केबल हा केबलवाल्याचा आणि वीज कंपनीचा विषय आहे. लखनौत वीज मध्यांचल विद्युत वितरण निगम देतं. तार विजेच्या वाहिनीला टेकली असेल तर १९१२ वर लगेच कळवा, स्वतः हात लावू नका. रस्त्यावर आडवी पडली असेल तर नगर निगम. खांबावरून तार नेण्याचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घेतले जात असतील, तर ते जाहीर दरपत्रकात आहेत का पाहा.

केबल नकोच असेल तर डीडी फ्री डिश आहे. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे मासिक शुल्क नाही. त्यावर सह्याद्री दिसते. खासगी वाहिन्या लिलावातून येतात आणि बदलत राहतात, म्हणून एखाद्या मालिकेच्या भरवशावर घेऊ नका. डिश लखनौतून दक्षिणेकडे, थोडी पूर्वेला कललेली लागते. चारबागच्या दाटीत गच्चीवर तेवढं मोकळं आकाश दिसतं का, आणि घरमालक गच्चीला खिळा ठोकू देतो का, हे आधी पाहा.

लखनौ सोडताना, परतीचं पुष्पक एक्सप्रेसचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात सेवा बंद करण्याचा अर्ज कंपनीला लेखी द्या, नुसतं केबलवाल्याला सांगू नका. बॉक्स, रिमोट, अडॅप्टर परत केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, त्यावर बॉक्सचा क्रमांक लिहून घ्या आणि अनामत कोणत्या बँक खात्यात येणार तेही त्याच कागदावर नोंदवा.